गॅलेटमधला दाणा आणि विषय क्रमांक तीन

मला फक्त एक किल्ली परत करायची होती.

किल्ली नगरपालिकेच्या जुन्या शाळेतल्या खोली क्रमांक चारची. सोळा वर्षं ती आईच्या एप्रनच्या खिशात होती. दर गुरुवारी दुपारी आई त्या खोलीत, गावात नव्याने राहायला आलेल्या परदेशी लोकांना फ्रेंच शिकवायची. ऑक्टोबरात आई गेली. पुढचे दोन महिने मी कागदपत्रांत घालवले आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी किल्ली लिफाफ्यात घालून, वर स्वच्छ अक्षरात खोलीचा क्रमांक लिहून नगरपालिकेत गेले. मी लिमोजच्या जिल्हा दफ्तरखान्यात नोकरी करते. लिफाफ्यावर काय लिहावं एवढं मला कळतं, अशी माझी समजूत होती.

खिडकीमागे मादाम वालाद होती. शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची.

"ही किल्ली संस्थेच्या नावावर आहे, ओदिल. अध्यक्षांच्या सहीशिवाय मला घेता येत नाही."

"अध्यक्ष माझी आई होती."

"हो ना गं. फार वाईट झालं. मी आले होते चर्चमध्ये, मागे उभी होते." तिने एक फॉर्म पुढे केला. "तर त्यांची सही लागेल."

दफ्तरखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कधी गप्प बसावं हे समजतं. मादाम वालादलाही आपण काय बोललो ते समजलं. तिने खणातून दुसरा फॉर्म काढला आणि समजूत घालण्याच्या सुरात सांगितलं की यावर उपाय आहे. सभासदांची सर्वसाधारण सभा बोलवायची. नवा अध्यक्ष निवडायचा. त्याने संस्था बरखास्त करायचा ठराव मांडायचा, तो मंजूर झाला की सही करून किल्ली द्यायची. हे सगळं महिनाअखेरपर्यंत, कारण खोली एका योगवर्गाला हवी होती.

"आणि अध्यक्ष कोण होणार?"

"तूच हो की. फक्त आधी सभासद हो. त्या अर्जावर अध्यक्षांची मंजुरी..." इथे तिने पेन खाली ठेवलं. "ते आपण सोडून देऊ."

आईचा वर्ग बंद करण्यासाठी मला आधी आईच्या खुर्चीत बसावं लागणार होतं. कायद्याच्या दृष्टीने यात काही विचित्र नव्हतं.

शेजारच्या मस्ये रुमियाकना ही हकिगत सांगण्याची मला गरज नव्हती, पण ते कुंपणापाशीच उभे होते. ते नेहमीच तिथे असतात. वय अठ्ठ्याहत्तर. चिनीमातीच्या कारखान्यात चाळीस वर्षं बशांच्या कडांवर सोनेरी रेघ ओढायचं काम केलेले. आता ते गॅलेटमधले दाणे जमवतात. त्यांच्याकडे दोन हजार तीनशे दाणे आहेत आणि त्यातला प्रत्येक मी किमान एकदा पाहिलेला आहे.

"सभा जानेवारीत, आणि गॅलेट नाही?" ते म्हणाले. "अगं पोरी, ती सभा झाली असं कोण म्हणेल?"

यात तथ्य होतं. आमच्याकडे जानेवारीत दंतवैद्य जमोत, मधमाश्या पाळणारे जमोत की दफ्तरखान्यातले आम्ही जमोत, मध्ये गॅलेट असतेच. पापुद्र्यांची जाड गोल पोळी, आत बदामाचं सारण, आणि सारणात कुठेतरी दडवलेला चिनीमातीचा एक दाणा, म्हणजे बोराएवढी रंगवलेली बाहुली. ज्याच्या तुकड्यात दाणा निघेल तो राजा. त्याने पुठ्ठ्याचा मुकुट घालायचा आणि पुढची गॅलेट आणायची. ही शेवटची अट मला चालायला येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. जानेवारी महिन्यात आमच्या कचेरीतल्या सगळ्यांचं वजन याच अटीपायी वाढतं. तरीही, कायमची शेवटची म्हणून बोलावलेल्या सभेला मी गॅलेट घेऊन गेले. असली चूक करायला माणूस इथेच जन्मलेला लागतो.

गुरुवारी दुपारी मी खोलीचं दार उघडलं तेव्हा रुमियाक आणि तिन्ही सभासद पायरीवर थांबले होते. सगळ्यांत पुढे इद्रिस. सुदानहून आलेला, सत्तावीस वर्षांचा, दोन मीटर उंच, चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला.

"चला, चला, मादाम ओदिल, आत चला," तो म्हणाला. "या थंडीत माझे गुडघे सकाळपासून कुरकुरतायत बघा. काय करणार, आपणच सांभाळून घ्यायचं झालं."

हे वाक्य आईचं होतं. शेवटचा सुस्काराही आईचाच. मी कोट काढायला जरा जास्त वेळ लावला.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. आईने या लोकांना पुस्तक कधी दाखवलंच नव्हतं. तिने त्यांना बाजारात नेलं, पावाच्या दुकानात रांगेत उभं केलं, स्वतःच्या मैत्रिणींकडे कॉफीला बसवलं. त्यामुळे इद्रिस ऐंशी वर्षांच्या बायकांसारखं बोलत होता. नातो नावाची जॉर्जियाची बाई, वय बावन्न, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. ती चीजवालीच्या गाड्यावर शिकली, म्हणून तिचं प्रत्येक वाक्य मापात काटा मारणाऱ्या माणसाला उद्देशून असल्यासारखं यायचं. तिसरे डेस्मंड, निवृत्त इंग्रज सर्व्हेअर. नऊ वर्षं गावात राहतात. त्यांना सगळं समजतं, पण दुसऱ्याचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नियम असल्यामुळे फ्रान्समध्ये त्यांची पाळी अजून आलेली नाही.

"ही झिनेतची मुलगी," नातोने त्यांना माझ्यासमोरच सांगितलं. "पुस्तकात बोलते ती."

"असं आई म्हणायची?"

"तू काय खोटं मानतेस? अजून पण म्हणायची. सांगू?"

मी नको म्हणाले आणि विषयपत्रिका वाचायला घेतली. विषय क्रमांक एक, दुखवटा. आम्ही एक मिनिट उभे राहिलो. विषय क्रमांक दोन, अध्यक्षपद. माझी एकमताने निवड झाली. डेस्मंड तटस्थ राहिले आणि मग माझी माफी मागून बाजूने आले. विषय क्रमांक तीन, संस्था बरखास्त करणे.

"गॅलेट गार होतेय," रुमियाक म्हणाले.

गॅलेट कापायची आमची पद्धत अशी की सगळ्यांत लहान माणसाने टेबलाखाली बसायचं, म्हणजे कुठल्या तुकड्यात दाणा आहे ते त्याला दिसत नाही. वर कापणाऱ्याने विचारायचं, हा कुणाचा? खालच्याने नाव सांगायचं. साधारणपणे हे काम सहा वर्षांच्या मुलाकडे असतं. इथे इद्रिस दोन्ही हात टेकून, घडीच्या खुर्चीसारखा मिटत टेबलाखाली गेला. आईने या खेळात एक भर घातली होती: नुसतं नाव चालायचं नाही, कारणही सांगायचं.

"हा कुणाचा?" नातोने सुरी रोवून विचारलं.

"मस्ये डेस्मंड यांचा," टेबलाखालून आवाज आला, "कारण मंगळवारी त्यांनी मला गाडीतून दवाखान्यात सोडलं आणि बाहेर दोन तास थांबले, आणि मला म्हणाले की आपण आत्ताच आलो."

डेस्मंड लाल झाले. इतका मोठा परिच्छेद इद्रिस एका दमात, न अडखळता बोलला होता.

"टेबलाखाली सगळे बोलतात," नातो मला म्हणाली. "तोंड दिसत नाही ना कोणाचं. झिनेत मला पहिल्या दिवशी खालीच बसवून ठेवलेली."

पाच माणसांना सहा तुकडे. एक जादाचा, जो हजर नाही त्याचा, किंवा दार वाजवून अचानक येईल त्याचा. तो तसाच ताटात राहतो. आम्ही खाल्लं. दाणा कुणालाच मिळाला नाही. जादाच्या तुकड्यात असेल म्हणून रुमियाकनी तो काट्याने तपासला. दहा मिनिटं गेल्यावर डेस्मंडनी हात वर केला आणि गालातून दाणा बाहेर काढला. आमचं बोलणं चाललेलं असताना मध्येच सांगणं त्यांना बरं वाटेना.

मी मुकुट त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "आता विषय क्रमांक तीन."

"कसा?" नातो म्हणाली. "हा राजा झाला. पुढची गॅलेट याच्यावर. ती न खाता संस्था बंद? झिनेत काय शिकवायची, राजा होऊन पळाला त्याला फ्रेंच येत नाही. मग हे नऊ वर्षं इथे काय करत होते?"

"पुढच्या गुरुवारी गॅलेट, आणि मग लगेच तीन नंबर," रुमियाक तोडगा काढल्याच्या आविर्भावात म्हणाले. मी इतिवृत्तात लिहिलं: विषय क्रमांक तीन, राजाचं देणं बाकी असल्यामुळे पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी मादाम वालादचा फोन आला. तिच्या संगणकात असं कारण नव्हतं. तिने 'हवामान' निवडलं.

पुढच्या गुरुवारी डेस्मंडची गॅलेट उत्तम होती, पण खरा दाणा घरी सापडेना म्हणून त्यांनी आत एक काबुली चणा घातला होता. चणा भाजून बदामात मिसळला आणि कुणीतरी तो खाऊन टाकला. राजाच झाला नाही. रुमियाकनी निकाल दिला की ही गॅलेट धरता येणार नाही. त्यांच्या मते सारणात रम घातली असती तर निदान चव तरी आली असती. इद्रिस दारू घेत नाही म्हणून ती घातली नव्हती. त्यावर संत्र्याच्या फुलांचा अर्क चालतो का, ही चर्चा साडेसहापर्यंत चालली. चर्चेत नातो वापरत असलेल्या दोन शब्दांना मी हरकत घेतली. तिने ते दोन्ही शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि माझा उच्चार फार मऊ आहे असं सांगितलं.

माझ्या फ्रेंचची तपासणी इथेच संपली नाही. तिसऱ्या गुरुवारी इद्रिसने मला बाजूला घेतलं.

"रागावू नका हं, मादाम ओदिल. पण पावाच्या दुकानात तुम्ही नमस्कार फार हळू म्हणता. मादाम फोशेला वाटतं तुम्ही गर्विष्ठ आहात. आत शिरल्या शिरल्या मोठ्याने म्हणायचा, मग रांगेकडे बघायचं. तुमच्या आईने मला पहिल्या आठवड्यात शिकवलं."

मी एकोणपन्नास वर्षं त्या दुकानात जाते आहे. शुक्रवारी मी मोठ्याने नमस्कार म्हटला. मादाम फोशेने मला पहिल्यांदाच जास्त भाजलेला पाव निवडून दिला.

तिसऱ्या गुरुवारी डेस्मंडच्या दुसऱ्या गॅलेटमधून नातो राणी झाली, आणि जानेवारी संपला. फेब्रुवारीत मादाम फोशे गॅलेट विकत नाही. फेब्रुवारी धिरड्यांचा महिना, तिने नातोला सुनावलं, आणि आपण या गावात काही तरी शिस्त पाळतो. नातोने तिला चीजवालीच्या भाषेत उत्तर दिलं आणि खोलीतल्या भट्टीत स्वतःच गॅलेट भाजायचं ठरवलं. मी परवानगी मागायला गेले. ती भट्टी पालिकेच्या यादीत अन्न गरम करण्याचं साधन म्हणून नोंदलेली होती. गरम करता येईल. भाजायचं असेल तर वेगळं प्रमाणपत्र, आणि ते इमारतींचं खातं पाहणाऱ्या उपनगराध्यक्षांकडे.

त्यांच्याकडून प्रमाणपत्र आलं नाही, पत्र आलं. उपनगराध्यक्ष मस्ये देल्बो किल्ली ताब्यात घेण्यासाठी गुरुवारी चार वाजता स्वतः येणार होते. तोवर ठराव झालेला असावा.

ते पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं तेव्हा नातोची गॅलेट भट्टीत होती आणि सव्वातीन वाजले होते. डेस्मंडनी चष्मा पुसला. रुमियाक खिडकीबाहेर पाहत होते.

"ठराव तर करायचाच आहे," मी म्हणाले. "मी त्यासाठीच आले होते."

"आधी खाऊ," नातो म्हणाली. "इद्रिस, खाली."

पण इद्रिसची कंबर धरली होती. कारखान्यात साच्यांचं खोकं उचलताना काहीतरी झालं होतं. "या वयात असं व्हायचंच," तो सत्ताविसाव्या वर्षी म्हणाला. मग लहान कोण, याचा शोध सुरू झाला. नातो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी निघाली.

"मी अध्यक्ष आहे," मी म्हणाले.

"म्हणून काय वय वाढतं? चल, खाली."

राखाडी लोकरीचा स्कर्ट घालून टेबलाखाली कसं शिरावं याबद्दल मी कुठे काही वाचलेलं नाही. मी गुडघे टेकले, मान वाकवली आणि आत गेले. आत चार जोड्या पाय होते. टेबलाच्या खालच्या अंगाला कुणीतरी पेन्सिलीने आठवड्याचे वार लिहिले होते, त्यातला बुधवार दोनदा. वर सुरीचा आवाज आला.

"हा कुणाचा?"

"डेस्मंडचा. कारण ते ऐकतात."

"लहान कारण आहे. चालेल. हा?"

"इद्रिसचा. कारण त्याचे गुडघे कुरकुरतात." वर हसू पसरलं. "हा तुझा, नातो, कारण तू मला रागावतेस आणि हल्ली दुसरं कुणी रागवत नाही. हा मस्ये रुमियाक यांचा. दफनाच्या दुसऱ्या दिवसापासून महिनाभर त्यांनी माझ्या दाराला पावाची पिशवी अडकवली. मी आभार मानलेले नाहीत. मला वाटलं, ते न बोलता केलंय तर न बोलताच घ्यावं."

रुमियाकांचे बूट एकमेकांवर चढले आणि पुन्हा खाली आले.

"हा तुझाच. आणि हा शेवटचा?"

आधीच्या प्रत्येक गुरुवारी इद्रिस इथे म्हणायचा, जो येईल त्याचा. आणि नातो तो तुकडा वृद्धाश्रमात घेऊन जायची. मलाही तेवढंच म्हणायचं होतं.

"आईचा," मी म्हणाले. "कारण सोळा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की गुरुवारी दुपारी तू तिथे करतेस काय. मला वाटायचं, व्याकरण शिकवत असेल."

थंड हवेचा एक झोत पायाशी आला, आणि माझ्यासमोर पाचवी जोडी उभी राहिली. तपकिरी, नीट पॉलिश केलेले बूट.

"मादाम शास्तां?" बुटांच्या वरून आवाज आला.

मी बाहेर आले. येताना डोकं आपटलं, आणि तो आवाजही इतिवृत्तात यावा इतका स्पष्ट होता. मस्ये देल्बो काखेत फाइल घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं, मुकुट पाहिला, मग भट्टीकडे पाहिलं. तिचं दार उघडं होतं.

"मी फक्त किल्ली घ्यायला—"

"बसा आधी," नातो म्हणाली. "दार उघडून जो येतो त्याचा तुकडा असतो. हे पण मीच सांगू तुम्हाला?"

"मी कामावर आहे, बाई."

"मग काय, कामावरचा माणूस जेवत नाही?"

पुढच्या मार्चमध्ये निवडणुका होत्या. मतदारासमोर गॅलेट नाकारणारा पुढारी आमच्या जिल्ह्यात अजून निवडून आलेला नाही. देल्बो बसले. आईचा तुकडा त्यांच्या पुढे गेला. मी काही म्हणणार होते, पण रुमियाकनी माझ्याकडे पाहून मान हलवली. रीत तशीच होती.

पहिल्यांदा डेस्मंड थांबले आणि या वेळी ताबडतोब म्हणाले, "माफ करा, दाणा." त्यापाठोपाठ इद्रिस म्हणाला, "अगं बाई, माझ्यातही." नातोने आपला दाणा बशीत टाकला, रुमियाकनी आपला न चावताच काढून ठेवला, माझा माझ्या दाढेखाली आला. आणि मग देल्बोंच्या तोंडातून कटकन आवाज आला. त्यांनी गाल धरला.

टेबलावर सहा दाणे होते. पांढरेशुभ्र, साधे, डोळे नाहीत, सोनेरी रेघ नाही.

"रंगवायला वेळच मिळाला नाही," रुमियाक छताकडे पाहत म्हणाले. "बुधवारी तर कारखान्याच्या भट्टीतून निघाले." इद्रिसला अचानक कंबर चोळावीशी वाटली. मी डेस्मंडकडे पाहिलं. त्यांनी पहिल्यांदाच माझी नजर टाळली.

"याचा अर्थ काय?" देल्बोंनी विचारलं.

"सहा राजे, सहा गुरुवार," नातो म्हणाली. "तुम्ही खाल्लात तो झिनेतचा. म्हणजे तिच्या वाटची गॅलेट तुमच्यावर. पुढच्या गुरुवारी आणा, पहिला नंबर तुमचा."

देल्बो नियमाने चालणारे गृहस्थ होते, आणि आता दोन नियम त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे होते. त्यांनी फाइल उघडली, बंद केली. मग मला म्हणाले, "अध्यक्ष तुम्ही ना? ठराव मांडायचा तर मांडा. मंजूर झाला तर मला किल्ली न्यावी लागेल. फेटाळला तर मी काही करू शकत नाही."

मी विषयपत्रिका उचलली. तिला लोण्याचे डाग पडले होते. विषय क्रमांक तीन मी पूर्ण वाचला, स्वल्पविरामासकट. मग विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण? सगळे ताटाकडे पाहत राहिले. ठराव माझा होता, त्यामुळे ती शांतता माझ्यासाठीच होती, हे मला कळत होतं. मी ती संपू दिली. मग विचारलं, विरोधात कोण? आणि लिहायला दुसरा हात लागतो म्हणून पेन डाव्या हातात घेऊन उजवा वर केला. बाकीच्या तीन सभासदांचे त्यानंतर वर गेले, आणि सभासद नसलेल्या रुमियाकांचाही.

देल्बोंनी नोंद केली की मांडणाऱ्यानेच ठरावाविरुद्ध मत दिलं, आणि असं पूर्वी झाल्याचं आपल्याला आठवत नाही. योगवर्गाला त्यांनी व्यायामशाळा दिली. भट्टीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

पुढच्या गुरुवारी ते बरोबर चार वाजता आले. त्यांची बायको दक्षिणेकडची, म्हणून त्यांनी गॅलेटऐवजी साखरेत मुरवलेली फळं लावलेला गोल पाव आणला होता. दक्षिणेत राजे त्यातूनच निघतात. रुमियाकनी तो पाव बाजूला सारून सांगितलं की खायला हरकत नाही, पण धरता येणार नाही. पाऊण तास वाद झाला. देल्बो तावातावाने बोलले, नातो त्याहून. डेस्मंड दोघांच्या मध्ये एक पूर्ण वाक्य घालण्यात यशस्वी झाले. शेवटी पाव कापायचं ठरलं. इद्रिसची कंबर अजून धरलेलीच होती, तेव्हा वयं पुन्हा विचारली गेली, आणि उपनगराध्यक्ष बेचाळीस वर्षांचे निघाले.

त्यांनी टाय सैल केला आणि टेबलाखाली गेले. पहिला तुकडा त्यांनी डेस्मंडना दिला, कारण म्हणून 'शेजारधर्म' एवढंच म्हणाले. दुसरा इद्रिसला, जरा लांब कारण देऊन. तिसऱ्याच्या वेळी ते बोलायला लागले ते स्वतःच्या वडिलांबद्दल, या शाळेतल्या घंटेबद्दल, आणि इमारतींचं खातं आपण मागितलं नव्हतं याबद्दल. नातो सुरी हातात धरून उभी राहिली. वरून आम्हाला फक्त त्यांचे बूट दिसत होते. सात तुकडे वाटून झाले तेव्हा मी वाकून त्यांना म्हणाले की आता बाहेर यायला हरकत नाही.

"एवढेच होते?" देल्बोंनी आतून विचारलं. "अजून लहान तुकडे नाही का करता येणार?"